रुमालाचा नेम

आमच्या यांना सुरुवातीची फार हौस होती. शेवटाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच यांनी अंतरपाटावरून हार पुढे केला होता. भटजींनी डोळे वटारले तेव्हा हळूच मागे घेतला. मी खाली मान घालून उभी होते तरी मला ते दिसलं, आणि पुढचं सगळं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ही गोष्ट वऱ्हाडाचा कारभार नागपूरकडे गेला त्यानंतरच्या काही वर्षांतली. हे, म्हणजे चिंतामणराव, तहसील कचेरीत कारकून होते. गाव बुलढाणा जिल्ह्यातलंच, घाटावरचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही बायका अजून हयात आहेत आणि त्या मला ओळखून आहेत. शेजारी कचेरीचा चपराशी गुलजार आणि त्याची बायको चांदबी राहायचे. मधली भिंत कमरेएवढी. तिच्या अलीकडे मी लिंबोणी लावली होती.

या लिंबोणीचं आधी सांगते, कारण माझा सगळा जीव तिच्यात होता. लग्नानंतर यांची पहिली नेमणूक घाटाखाली झाली. तिथे मी अंगणात लिंबोणी लावली, वाढवली, आणि फळ धरायच्या सुमाराला बदली झाली. दुसऱ्या गावी दुसरी लावली. तिथेही तेच. हातानं लावलेल्या झाडाचं एक लिंबू आपल्या वरणावर पिळावं, एवढीच माझी इच्छा होती. दागिने मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना ते मिळालेही. माझ्या लिंबाच्या आड मात्र सरकार येत होतं.

आता यांचं काम. तालुक्यातल्या प्रत्येक गावाचे कागद कचेरीत लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेले असत. त्या गाठोड्याला म्हणायचं रुमाल. एकेका रुमालातले कागद तपासायचे, राहिलेल्या नोंदी करायच्या, गाठ मारायची आणि दफ्तरखान्यात पाठवायचा. यांच्या कपाटात जुन्या कारकुनानं मागे ठेवलेले रुमाल होतेच, त्यात यांनी घरची भर घातली होती. यांना काम येत नव्हतं असं नाही. अक्षर मोत्यासारखं आणि बुद्धी चांगली. पण एके दिवशी जोर चढायचा, मग आज सगळा तालुका साफ करून टाकतो म्हणत हे सगळेच रुमाल एकदम सोडून बसायचे. दुपारी वारा सुटला की एका गावचे कागद दुसऱ्या गावच्या कागदांत जायचे आणि गुलजार बिचारा ओणवा होऊन ते वेचत फिरायचा. संध्याकाळी सगळं तसंच गुंडाळून परत कपाटात.

आषाढातली कांदेनवमी आली. एकादशीपासून चातुर्मास लागतो, मग चार महिने कांदा नाही, म्हणून त्या दिवशी घरोघर कांद्याचा सोहळा असतो. मी भजी तळत होते. यांनी चौथं की पाचवं भजं उचलता उचलता सांगितलं, की तहसीलदार साहेब आज म्हणाले, थंडीत मोठे साहेब दौऱ्यावर येतील त्याआधी हे रुमाल बांधून गेले नाहीत तर तुमची बदली मेळघाटात. मेळघाटाचं नाव काढलं की तेव्हा कारकुनांच्या बायका हिवतापावरचं क्विनाइन जमवायला लागत. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. हे म्हणाले की काळजी करू नकोस, यंदा मी असे नेम धरणार आहे की माणूसच बदलून जाईल.

आमच्याकडे एकादशीला देवळात मार्तंडबुवा पुराणिक पुराणाला बसायचे. त्याआधी ज्याला चार महिन्यांचा जो नेम धरायचा असेल तो त्यानं सगळ्यांसमक्ष, हातावर पाणी घेऊन बोलायचा. कुणी वांगं सोडायचं, कुणी दही, कुणी जेवताना मौन धरायचं. कार्तिकी झाली की उद्यापन. जे सोडलं ते दान द्यायचं आणि मौनवाल्यानं घंटा द्यायची. एकदा पाणी सोडलं की नेम बदलता येत नाही.

हे उठले. पहाटे उठणार, थंड पाण्यानं अंघोळ करणार, नमस्कार घालणार, गीता पाठ करणार, इंग्रजी शब्दकोश वाचणार, तंबाखू सोडणार, रागावणार नाही आणि खोटं बोलणार नाही. बुवांना पळीभर पाणी पुरेना, ते दर नेमाला पुन्हा घालत होते. पुरुष माना डोलवत होते. कचेरीतल्या नाझरांच्या, म्हणजे मोठ्या कारकुनांच्या, अन्नपूर्णाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की तुमचे तर अगदी ऋषीच हो. आणि हे सगळं बोलून झाल्यावर यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, जसं काही ते सगळं करूनच झालं आहे. रुमालाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

माझी पाळी आली. मी दरवर्षीसारखं वांगं सोडणार होते. पण त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "रोज यांच्या हातून एक रुमाल बांधून झाल्याशिवाय मी अन्न घेणार नाही."

बुवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की कचेरीला सुटी असेल तेव्हा काय. सुटीला सुटी, मी म्हणाले, आणि पाणी सोडलं.

घरी आल्यावर यांचा न रागावण्याचा नेम मोडला. "तू माह्या कामाचा नेम काऊन धरला?"

"तुमच्यानं धरवत नाही म्हणून."

"अन् तू उपाशी राहशील तं लोक मले काय म्हणतील?"

ते तर मला हवंच होतं. पण तसं म्हटलं नाही.

पहिले काही दिवस छान गेले. हे धोरणी. कपाटातले सगळ्यात बारीक रुमाल, चारदोन घरांच्या वाड्यांचे, शोधून काढायचे आणि दुपारच्या आत गाठ मारून मोकळे. साहेबाच्या टपालाला निघालेला गुलजार आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की सायकल न थांबवता ओरडायचा, "सुटल्या हो बाई!" मग मी पान वाढून घ्यायची. पंधरा दिवसांत साऱ्या गावाला सवय झाली. विहिरीवर बायका पाण्याऐवजी माझ्या जेवणाचीच चौकशी करत. कचेरीतही तसंच. साखरखेर्ड्याचा कडूबा म्हणून एक भांडकुदळ शेतकरी बांधाची तक्रार घेऊन यांच्या मेजाशी आला, तर बाकीच्यांनी त्याला बाहेर बसवलं की आधी बाईला जेवू दे. कडूबा दोन तास वडाखाली बसून राहिला. त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी असं काही केलं असतं का, असं त्यानं गुलजारला विचारलं म्हणे.

तोवर यांचे नेम एकेक करून गळत होते. थंड पाण्याची अंघोळ सर्दीत गेली. गीता पहिल्या अध्यायातच अडली, अर्जुनाचं धनुष्य गळालं तिथेच यांचंही. शब्दकोशाचा पहिला वर्णसुद्धा संपला नाही. तंबाखू सोडल्याचं मला घरात दिसत होतं, पण गुलजारचा डबा लवकर रिकामा होतो अशी चांदबीची तक्रार होती. नागपंचमीपर्यंत आमच्या घरात एकच नेम शिल्लक होता, माझा.

मग बारीक रुमाल संपले आणि दुसरबीड आलं.

दुसरबीड मोठं गाव. त्याचा रुमाल एका माणसाला उचलायचा म्हणजे कंबर धरावी लागायची. नेम करताना मी रुमाल म्हटलं, पण सगळे रुमाल सारखे नसतात हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी दुसरबीड संपलं नाही. हे संध्याकाळी तोंड पाडून आले. मी यांना वाढलं आणि स्वतः पाणी पिऊन निजले. यांनी ताट सरकवलं आणि मोठ्या गंभीरपणे सांगितलं की तू जेवत नाहीस तोवर मीही अन्नाला शिवणार नाही. मला भरून आलं. खरंच आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही हे पहिल्यांदाच बोलले होते.

दुसऱ्या दिवशीही दुसरबीड संपलं नाही. तिन्हीसांजेला मी परसात भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि लिंबोणी एकीच्या दोन दिसत होत्या. तो रमजानचा महिना होता. भिंतीपलीकडे चांदबी रोजा सोडायची तयारी करत होती. मशिदीतून अजान झाली, तिनं खजूर तोंडात टाकला, आणि मग माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"बाई, आमचा रोजा अजान झाली का सुटते. रोज सुटते. तुमचा रोजा तुम्ही मानसाच्या लेखणीले टांगला. असा रोजा कोन धरते का कधी?"

मी म्हणाले की आता पाणी सोडलं, काय करणार. आणि यांचंही बघ, तेही कालपासून उपाशी आहेत. चांदबीनं पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं तिला बोलता आलं. तिच्या घरच्यानं यांना दुपारी बाजारात भजी खाताना पाहिलं होतं, आणि तीही कांद्याची.

फळाला बंदी नव्हती. चांदबीनं भिंतीवरून चार खजूर दिले, ते मी रागानंच खाल्ले. खजूर पोटात गेल्यावर डोकं जरा ताळ्यावर आलं. चांदबी तिकडून म्हणत होती, "आख्खं दुसरबीड एका घासात कोनाले जाईन बाई? भाकरबी तं आपन तुकडे करून खातो."

मी उठले ती तशीच देवळात गेले. मार्तंडबुवा समया पुसत होते. मी विचारलं की बुवा, नेमातला रुमाल केवढा असावा लागतो. बुवांनी खूप विचार केला. मग म्हणाले की तुपाच्या वातीचं माप शास्त्रात आहे, रुमालाचं नाही, तेव्हा ते सरकारनं आणि तुम्ही बघावं.

घरी येऊन मी ट्रंक उघडली आणि माझं एक जुनं लाल लुगडं काढलं. त्याचे हात हात लांबीचे तुकडे फाडले. हे बघत उभे राहिले. मी सांगितलं की दुसरबीड एका रुमालात ठेवायचं नाही, पांढरीचं, म्हणजे गावठाणातल्या घरांचं, वेगळं, नदीकाठच्या शेतांचं वेगळं, माळावरचं वेगळं, आणि रोज एवढ्या फडक्यात मावेल तेवढंच. यांना ते अजिबात पटलं नाही. साहेब हसतील, सरकारी कागद बायकोच्या लुगड्यात बांधले म्हणून नाव निघेल, आणि आपला विचार तर उद्या सगळं दुसरबीड, परवा सगळं साखरखेर्डा असा आहे.

मी मटकन खाली बसले.

"तुम्ही सकाळी सारा तालुका जिंकायले निघता अन् संध्याकाळी हात हलवत येता," मी म्हणाले. "मले तालुका नको. मले हे एवढं फडकं भरून द्या. मले भूक लागली."

आणि मी रडले. भजी आठवून जास्तच रडले.

यांनी तुकडे उचलले, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली. सकाळी मी उठायच्या आत कचेरीत गेले होते. पहाटे उठण्याचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा पाळला गेला. ऊन तापायच्या आत गल्लीच्या तोंडाशी गुलजार ओरडला. चांदबी रोज्याची होती, तरी टाळ्या वाजवत अंगणात आली. मी वरणभात कालवला, लिंबू मात्र नव्हतं, आणि तरी तसं वरण मी जन्मात खाल्लं नाही.

त्यानंतर माझा एकही उपास पडला नाही. दुसरबीड तुकड्या तुकड्यानं संपलं. साखरखेर्ड्याला माझं दुसरं लुगडं गेलं. यांना त्यात गंमतच वाटायला लागली. रोज निघताना फडकं मागायचे आणि दुपारी घरी आले की मी विचारायच्या आत, आज नदीकाठ झाला, असं सांगायचे. सगळंच एकदम सोडून बसण्याची खोड गेली, कारण एका फडक्यात जास्त मावतच नव्हतं. दिवाळीत यांनी मला कचेरीत नेऊन कपाट दाखवलं. रिकामं. एक झुरळ होतं, तेही ओशाळल्यासारखं बाहेर निघून गेलं.

कार्तिकीला उद्यापन झालं. मी बुवांना लाल रुमालात तांदूळ बांधून दिले. तांदूळ त्यांनी घरी नेले आणि रुमाल पोथीला बांधला. आता मेळघाट टळला होता. परसातली लिंबोणी माझ्या खांद्याला लागली होती आणि एका फांदीवर कळ्या दिसत होत्या.

थंडीत मोठे साहेब आले. त्यांनी दफ्तरखाना पाहिला. थोराड गाठोड्यांच्या ओळीत आमच्या लुगड्याचे ते सुबक, एकसारखे रुमाल त्यांच्या डोळ्यात भरले. कागद मागितला की लगेच हाताला येतो, हे कसं काय, कुणाची ही युक्ती, असं त्यांनी विचारलं. तहसीलदारांनी मोठ्या अभिमानानं यांना पुढे केलं.

महिन्याभरात हुकूम आला. हे पेढे घेऊनच घरी आले. बढती झाली होती. घाटाखालच्या कचेरीत रुमालांचा डोंगर पडला आहे, तो उपसायला असाच माणूस हवा, म्हणून तिकडे बदली.

मी परसात गेले. हे पेढ्यांचा पुडा घेऊन मागोमाग आले. लिंबोणीला फूल आलं होतं, पांढरं, अजून नीट उमललंही नव्हतं. मी फांदीला हात लावला आणि मला आवरेना. यांना वाटलं आनंदाचं रडू आहे. मग वाटलं घाटाखालच्या उकाड्याचं. शेवटी मी सांगितलं. पहिल्या गावची लिंबोणी, दुसऱ्या गावची, आणि ही. एक लिंबू वरणावर पिळायचं होतं, बाकी काही नाही.

हे भिंतीवर बसले. पुडा मांडीवर. "हे तू मले कधी बोलली नाहीस."

खरंच बोलले नव्हते. देवापुढे पाणी सोडलं ते रुमालाचं. रुमाल मागितले, रुमाल मिळाले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मी देवाला सांगितलं नव्हतं आणि नवऱ्यालाही. यांच्या चारचौघांतल्या नेमांना मी हसत होते, पण यांनी निदान आपल्या मनातलं मोठ्यानं बोलून तरी दाखवलं होतं.

लिंबोणी चांदबीला सोपवून आम्ही घाट उतरलो. गाव यांच्या पहिल्या नेमणुकीचंच होतं आणि तेव्हाचं आमचं घरही अजून होतं. आता तिथे उत्तमराव म्हणून दुसरे कारकून राहत होते. त्यांच्या बायकोनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. अंगणात माझी लिंबोणी छपराला टेकली होती आणि फळांनी वाकली होती. बाईंनी माझी ओटी भरली, वर एक लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या की आमच्या झाडाचं आहे हो, आम्ही कुणाला देत नाही, पण तुम्ही नवीन म्हणून. मी नमस्कार केला. घरी येऊन ते वरणावर पिळलं. आंबट होतं. त्यातल्या बिया मी परसात पेरल्या.

आषाढी जवळ आली तशी यांना पुन्हा नेमांची हुक्की आली. यंदा सतार शिकावी असं चाललं होतं. मी पळी आणि पंचपात्री घेऊन यांना परसात नेलं, बोटभर वाढलेल्या रोपांजवळ बसवलं आणि हातावर पाणी घातलं.

"यंदा एकच नेम," मी म्हणाले. "काम चोख करा, पण कोण्या साहेबाच्या डोळ्यात भरू नका."

हे रोपांकडे बघत राहिले. मग कुणी ऐकत नसताना, देवळात नाही की चारचौघांत नाही, यांनी पाणी सोडलं.

आणि माणूस बदलला. रुमाल वेळेवर बांधले जात, पण त्यांवर नाव दुसऱ्याचं. साहेब दौऱ्यावर आले की हे पाठीमागच्या खोलीत शाई घोटत बसत. उत्तमराव बढती घेऊन गेले, त्यांच्यामागून आलेलेही गेले, यांची बदली मात्र कुणाला सुचलीच नाही. घाटावरून अन्नपूर्णाबाई कधी आल्या तर मान हलवून म्हणायच्या की चिंतामणरावांचं पुढे काहीच झालं नाही. मी त्यांना सरबत द्यायची आणि जाताना पिशवीभर लिंबं. चांदबीची लिंबंही दरवर्षी गुलजारबरोबर यायची, ती मात्र मी कुणाला दिली नाहीत.

हे पेन्शनीत निघाले तेव्हा झाड छपराच्या वर गेलं होतं. उद्यापन करायला हवं म्हणून यांनी टोपलीभर लिंबं तोडली, नवा कोट घातला आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले. अर्ध्या तासानं परत आले ते दारातूनच हसत. एवढं हसताना मी यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी विचारलं की साहेब काय म्हणाले.

"टोपली पायली, मले वरून खालपर्यंत पायलं," हे म्हणाले, "अन् विचारलं, आपण कोण?"